ललितेतर गद्याचे अध्यापन : लेखकाचा हेतू आणि कल

माध्यमिक वर्गांत गद्य उताऱ्याखाली 'लेखकाचा हेतू सांगा' हा प्रश्न बहुधा असतोच, आणि त्याची उत्तरेही ठरीव असतात : माहिती देणे, मत पटविणे, मनोरंजन करणे. यांपैकी एक उत्तर लिहिले की गुण पदरात पडतात. तथापि उताऱ्यातील कोणते विधान ग्राह्य धरावे आणि कोणते तपासून घ्यावे, याचा उलगडा त्याने होत नाही. एखादा ग्रंथ हाती घेऊन हा प्रश्न सोडविला तर तो विद्यार्थ्यांस अधिक नीट कळतो. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' या कामी विशेष उपयोगी आहे. त्यातील ग्वाल्हेर, झाशी ही स्थळे उत्तरेकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना परकी नाहीत, हाही एक लाभ.

गोडसे भटजी हे कोकणातील वरसईचे भिक्षुक. घरचे कर्ज फेडावे म्हणून, बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने, ते १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले आणि धामधुमीत सापडले. पुढे सुमारे पंचवीस वर्षांनी चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून त्यांनी ही हकीकत लिहून काढली. म्हणजे प्रवासाचा हेतू द्रव्यार्जन आणि लेखनाचा हेतू यजमानाच्या इच्छेचा मान राखून पाहिलेले सांगणे. या दोहोंत गल्लत होऊ देऊ नये. लेखकाचा कल ही आणखी तिसरी गोष्ट होय. हेतू लेखकास ठाऊक असतो. कल पुष्कळदा त्याचा त्यालाही ठाऊक नसतो. यज्ञ, दानधर्म, पंगती, दक्षिणा यांकडे भटजींची दृष्टी सहज वळते, आणि विद्वान ब्राह्मणांचा परामर्श घेणाऱ्या राणीविषयी त्यांचा आदर ओळीओळीतून दिसतो.

कल दिसला की मजकूर टाकाऊ, अशी समजूत विद्यार्थी फार लवकर करून घेतात. ती चुकीची आहे. एप्रिल १८५८ मध्ये इंग्रज फौज झाशीत शिरल्यावर वाड्यातील ग्रंथसंग्रहाची झालेली नासधूस भटजींनी कळवळून लिहिली आहे. पोथ्यांवर जीव असलेल्या माणसाच्याच नजरेत ती भरावयाची. सैनिकी अहवालात तिला ठाव मिळाला नसता. येथे कलामुळेच पुरावा हाती आला आहे.

याच ग्रंथात दुसऱ्या प्रकारची स्थळेही आहेत. सरकारने धर्माविरुद्ध कलमांची यादी करून ती राजेरजवाड्यांपुढे ठेवली, अशी एक हकीकत भटजी मोठ्या विश्वासाने सांगतात. तीस इतिहासात आधार नाही; ती वाटेत ऐकलेली वार्ता आहे. लोक कशावर विश्वास ठेवीत होते याचा पुरावा म्हणून तिचे मोल मोठे, घडलेल्या गोष्टीचा पुरावा म्हणून काहीच नाही. तेव्हा 'पाहिले' आणि 'ऐकले' अशा दोन खुणा उताऱ्याच्या समासात करावयास लावणे, हा वर्गातील पहिला अभ्यास ठरावा.

८ जून १८५७ रोजी झाशीच्या जोखनबागेत इंग्रज स्त्रीपुरुषांची व मुलांची कत्तल झाली, त्या प्रसंगावर हा अभ्यास फार चांगला होतो. भटजी त्या दिवशी झाशीत नव्हते; त्यांनी ऐकले ते पुढे, राणीच्या बाजूच्या लोकांत वावरताना. अनेक इंग्रजांनी दोष राणीवर ठेवला, आणि झाशी घेण्यास निघालेल्या सत्तेस तो दोष सोयीचाही होता. उलट राणीने त्याच महिन्यात सागर विभागाच्या कमिशनरास पत्रे पाठवून हे कृत्य शिपायांचे असल्याचे व त्यांनी आपल्याकडूनही पैसा उकळल्याचे कळविले. पण ही पत्रे ज्या सत्तेचे साह्य हवे होते तिलाच लिहिलेली आहेत, हेही विसरून चालणार नाही. तीन बाजू, तिघांच्या तीन गरजा. आज बहुतेक इतिहासकार राणीस या कत्तलीबद्दल जबाबदार धरीत नाहीत. परंतु हा निर्णय कोणा एकाच्या शब्दावर नव्हे, सर्व कागद परस्परांशी ताडून झालेला आहे.

लेखकाच्या मागे संपादकही उभा असतो, याचा विसर अध्यापकांनासुद्धा पडतो. भटजींच्या पश्चात १९०७ मध्ये वैद्यांनी हा ग्रंथ प्रसिद्ध केला तो भाषेवर हात फिरवून आणि मजकुरात फेरबदल करून. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९६६ मध्ये निघाली. मधल्या सुमारे साठ वर्षांच्या वाचकाने जे वाचले ते भटजींचे किती आणि वैद्यांचे किती, हे दोन्ही आवृत्त्यांतील एखादे प्रकरण शेजारी ठेवल्याशिवाय समजणार नाही. वरच्या वर्गांस हे काम अवश्य द्यावे.

खालच्या वर्गांस ग्रंथांची नुसती नावेही पुरतात. सावरकरांच्या १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या नावातच १८५७ चा लढा 'स्वातंत्र्यसमर' ठरला. १९५७ मध्ये रमेशचंद्र मजुमदारांनी 'शिपायांचे बंड' आणि 'उठाव' हे दोन्ही शब्द शीर्षकात घातले. त्याच वर्षी भारत सरकारच्या वतीने लिहिलेल्या ग्रंथास सुरेंद्रनाथ सेनांनी केवळ 'अठराशे सत्तावन्न' एवढेच नाव दिले. नाव न देण्यातही एक भूमिका असते. सरकारी आश्रयाचा उल्लेख आला म्हणून सांगावयाचे, विभागीय पत्रिकेतील मजकूरही या चौकशीतून सुटत नाही. योजनेची माहिती देणाऱ्या लेखास ती योजना वाचकांस पटावी असे वाटतच असते. असा एखादा लेख वर्गात घेऊन त्यात काय सांगितलेले नाही, याची यादी विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावी. पहिल्या तासाला ती यादी दोन ओळींची होईल.