तिरल्यास मुक्काम : एका दिवसाच्या सहलींची आखणी

सुटीत प्रवासास निघालेल्या कुटुंबाचा निम्मा वेळ वळकट्या बांधण्यात आणि सोडण्यात जातो, हे आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. आज या गावी, उद्या त्या गावी. घरी परतल्यावर कोणते देऊळ कोठे पाहिले हेही नीट आठवत नाही. इटली देशातील तोस्काना प्रांतात याहून निराळी रीत रूढ आहे. तेथे शेतमळ्यावरचे एखादे जुने घर आठवडाभर भाड्याने घ्यावे, स्वयंपाक घरीच करावा, आणि रोज सकाळी एकेका दिशेस जाऊन रात्री त्याच अंथरुणावर परतावे. अशा घरांसाठी त्या देशाने १९८५ साली कायदाही केला. ही रीत माळव्यात चालविता येईल काय, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

समजा, पुण्याचे एक कुटुंब आहे. आजी, आई-वडील आणि शाळेत जाणारी दोन मुले. पूर्वज पवारांच्या फौजेबरोबर माळव्यात गेले होते, एवढेच त्यांना ऐकून ठाऊक. आजींना ती भूमी एकदा पाहावयाची आहे. परंतु गुडघे साथ देत नाहीत, आणि हा प्रवास पुन्हा घडेल असा भरवसा नाही. जाण्यायेण्याचे दिवस वजा जाता हाती पाच दिवस उरतात. मुक्कामासाठी त्यांनी धारच्या पश्चिमेस असलेल्या तिरला गावी घर घेतले आहे. वडिलांनी तयार केलेल्या यादीत मात्र नऊ स्थळे आहेत!

येथे पहिले काम अंकगणिताचे. नकाशावरील अंतर म्हणजे वेळ नव्हे. वळणे, गावे, गुरे आणि चहाचा थांबा धरून ताशी चाळीस किलोमीटरांहून अधिक वेग गृहीत धरू नये. मांडू धारमार्गे सुमारे ४५ किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन सव्वादोन तास. महेश्वर ८५ किलोमीटरांच्या आसपास. तेथे सव्वाचार तास वाहनातच जातील. आमच्या मते जितके तास रस्त्यात, निदान तितके तास स्थळी मिळाले पाहिजेत. आणि सूर्यास्तापूर्वी परतीची वाट धरावी. या कसोटीवर उज्जैन आणि ओंकारेश्वर यादीतून आपोआप गळतात. मुले हिरमुसतील, पण इलाज नाही.

दुसरे काम दिशा ओळखण्याचे. धार आणि तिरला माळव्याच्या पठारावर वसले आहेत, तर महेश्वर विंध्याचा घाट उतरून नर्मदेच्या काठी. उतार सुमारे चारशे मीटरांचा. उंची हजार मीटरांनी घटली की हवा साधारण साडेसहा अंशांनी तापते, या हिशेबाने खाली अडीच अंश उष्मा अधिक. म्हणून महेश्वरास पहाटे निघावे. अहिल्याबाईंचा वाडा, घाट आणि मागावर विणल्या जाणाऱ्या साड्या उन्हे चढण्यापूर्वी पाहून घ्याव्यात. घाटाच्या पायऱ्या पुष्कळ आहेत. आजींनी वरच्या तटावर बसावे. नर्मदेचे पात्र तेथून उत्तम दिसते.

मांडूस पूर्ण दिवस द्यावा, आणि तेथे सर्व काही पाहण्याचा हट्ट धरू नये. मुंज व कपूर या दोन तलावांमधील जहाजमहाल, होशंगशाहची संगमरवरी कबर आणि १४५४ साली पूर्ण झालेली जामी मशीद एवढे पुरे. कबरीच्या द्वाराशी शहाजहानच्या स्थपतींनी १६५९ साली भेट दिल्याचा लेख कोरलेला आहे. मुलांनी तो अवश्य शोधावा. रूपमतीच्या मंडपाचा चढ आजींनी टाळावा. त्या वेळात त्यांना गोरखचिंचेचे प्रचंड झाड दाखवावे. आफ्रिकेतून आलेला हा वृक्ष मांडूस असा रुजला आहे, की त्याच्या फळांना लोक मांडूचीच चिंच म्हणतात.

बाघची लेणी हा यादीतील सर्वांत अवघड भाग. अंतर ऐंशी-नव्वद किलोमीटर, रस्ता डोंगराळ, शेवटी पायऱ्या. शिवाय तेथील भित्तिचित्रे ओलाव्याने नासू लागल्यामुळे उरलेले अंश १९८२ सालापासून भिंतींवरून काढून पुढे ग्वाल्हेरच्या संग्रहालयात नेण्यात आले. नंदलाल बोस प्रभृती चित्रकारांनी १९२१ साली येथे येऊन नकला केल्या, त्यामुळे पुष्कळ वाचले. मग रिकाम्या भिंती पाहण्यास जावे काय? आम्ही म्हणू, मुलांनी वडिलांबरोबर जावे. ते खडकातले प्रशस्त दालन पाहिल्यावाचून चित्रांच्या त्या नकलांचा अर्थ कळत नाही. बाघ गावात कापडावर ठशांची छपाई चालते, तीही पाहता येईल. आजींनी आणि आईने त्या दिवशी घरी राहावे. सर्वांनी सर्व ठिकाणी गेलेच पाहिजे, हा नियम कोणी केला?

उरले दोन दिवस. एक धारसाठी. तेथील किल्ल्यात १७७५ साली आनंदीबाईंच्या पोटी दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. लाट मशिदीपाशी प्रचंड लोहस्तंभाचे तुकडे आहेत. अंतर थोडे असल्याने दुपारच्या जेवणास घरी येता येते, आणि आजींना विसावा मिळतो.

दुसरा दिवस खुद्द तिरल्याचा. वडिलांच्या यादीत हे नाव नव्हतेच. मुक्कामाचे गाव कोण पाहतो! वस्तुतः जुन्या इंग्रजी इतिहासग्रंथांत मराठ्यांशी लढताना माळव्याचा मोगल अधिकारी दया बहादूर याच तिरल्याच्या रणात १७३१ साली पडला, असे लिहिलेले आढळते. पुढे समकालीन कागदपत्रे तपासली गेली. त्यांवरून गिरिधर बहादूर आणि दया बहादूर हे दोघेही २९ नोव्हेंबर १७२८ रोजी, चिमाजी आप्पांच्या फौजेशी झालेल्या अमझेऱ्याच्या लढाईत पडले, असे अभ्यासकांनी ठरविले. अमझेरा येथून पश्चिमेस थोड्याच अंतरावर आहे. मुलांनी सकाळी तेथवर जाऊन यावे, आणि दोन्ही गावांचा साधा नकाशा वहीत काढावा. कोणत्या पुस्तकात काय लिहिले आहे, याची नोंद त्याच पानावर करावी. सायंकाळी आजींना गावाबाहेरच्या काळ्या जमिनीच्या कडेला खुर्ची टाकून द्यावी. ज्यासाठी त्या एवढ्या लांब आल्या, ते येथे घरापासून शंभर पावलांवर आहे.

यादीत देवास अजून शिल्लक आहे. तिरल्याहून ते शंभर किलोमीटरांच्या पलीकडे, वाटेत इंदूरची गर्दी. म्हणून स्वतंत्र सहल नको. परतीची गाडी इंदूरहूनच असल्याने शेवटच्या दिवशी सामान घेऊन सकाळीच निघावे व देवास पाहून इंदुरास यावे. थोरली पाती व धाकटी पाती अशी पवारांची दोन राज्ये या एकाच गावात कशी नांदली, हे मुलांना रस्त्यावर उभे राहून समजावता येईल. कुमार गंधर्वांचे दीर्घ वास्तव्यही याच गावी होते. गाडी रात्रीची असेल तरच हे करावे. दुपारची असल्यास देवास वगळून सरळ स्टेशन गाठावे.