पांच तासांत रोम

आमच्या शाळेंतून बाहेर पडलेले कांहीं विद्यार्थी आज प्रवासी जहाजांवर नोकरी करीत आहेत. गोवें व कोंकण या भागांतून बोटीवर जाणाऱ्यांची परंपरा जुनीच आहे. त्यांपैकीं एकजण सुटीवर आला असतां त्यानें आम्हांस विचारलें, "सर, आमचें जहाज चिवितावेक्किया बंदरांत लागतें. आगगाडीनें जाण्यायेण्याचा वेळ वजा केला, तर रोमसाठीं पांच तास उरतात. तेवढ्यांत काय पाहावें?" जहाज कोणासाठीं थांबत नाहीं, तेव्हां हा प्रश्न चैनीचा नव्हे.

बहुतेक प्रवासी अशा वेळीं धांवतात. कोलोसियमसमोर एक छायाचित्र, त्रेवीच्या कारंज्यापाशीं दुसरें, सेंट पीटरच्या चौकांत तिसरें, कीं रोम पाहून झालें! आमचें मत निराळें आहे. व्हॅटिकनचीं संग्रहालयें या खेपेस सरळ सोडून द्यावीं. त्यांना एक दिवसही पुरत नाहीं. अडीच हजार वर्षांहून जुन्या शहरांत ज्याच्या हातीं पांच तास आहेत, त्यानें अशी एक जागा गांठावी कीं जेथें हीं शतकें एकाखालीं एक रचलेलीं सांपडतात. कोलोसियमपासून थोड्या मिनिटांच्या चालीवर असलेलें संत क्लेमेंताचें मंदिर ही ती जागा होय.

रस्त्यावरून आंत शिरतांच जें मंदिर दिसतें तें बाराव्या शतकाच्या आरंभींचें. त्याच्या वेदीमागील अर्धघुमटांत सोनेरी काचतुकड्यांचें चित्र आहे. मध्यें क्रूस, त्यावर बारा पारवे, आणि क्रूसाच्या पायथ्यापासून निघालेली वेल सर्व भिंतभर पसरलेली. त्या वेलीच्या आसपास कोंबड्यांना दाणे घालणारी एक बाईही आहे. ती शोधून काढावी. हें मंदिर फार जुनें म्हणून लोक त्यास मान देत आले. परंतु तेथील आयरिश डोमिनिकन मठाचे प्रमुख फादर जोसेफ मलूली यांनीं 1857 सालीं खालीं खणण्यास आरंभ केला, तेव्हां त्याच्या पायाखालीं चवथ्या शतकांतलें दुसरें मंदिर निघालें. इसवी सन 1100 च्या सुमारास तें राडारोड्यानें भरून त्याच्यावर नवें बांधण्यांत आलें होतें.

या खालच्या मंदिरांतील एका भित्तिचित्रापाशीं आमच्यासारख्या भाषाशिक्षकाचा पाय निघणार नाहीं. चित्र अकराव्या शतकाच्या अखेरीचें आहे. सिसिनियस नांवाचा सरदार क्लेमेंतास बांधून ओढीत नेण्याचा हुकूम नोकरांना देतो. नोकर मोठ्या जोरानें ओढूं लागतात, पण त्यांच्या दोरीला संताऐवजीं दगडी खांब बांधलेला असतो! मौज अशी कीं, प्रत्येकाचे शब्द त्याच्याजवळच लिहिले आहेत. संताचें वाक्य लॅटिनमध्यें आहे. धनी व नोकर मात्र बाजारांतील बोलींत बोलतात. (धन्याची एक शिवी या पानांत छापण्याजोगी नाहीं.) इटालियन भाषेच्या अगदीं जुन्या लेखी नमुन्यांत या ओळींची गणना होते. आपल्या संस्कृत नाटकांत राजा संस्कृत बोलतो आणि चाकर प्राकृत, तोच हा प्रकार. श्रवणबेळगोळ येथें गोमटेश्वराच्या पायाशीं कोरलेल्या मराठी ओळी ज्यांनीं अभ्यासिल्या आहेत, त्यांना या भिंतीचें मोल निराळें सांगावयास नको.

आणखी एक जिना उतरलें म्हणजे पहिल्या शतकांतल्या रोमन इमारती लागतात. तेथील एका ठेंगण्या, कमानदार दालनांत दोन्ही बाजूंस दगडी बैठका असून मध्यें बैलाचा वध करणाऱ्या मिथ्र देवाची वेदी आहे. हें नांव आपल्या वेदांतील 'मित्र' या देवतेच्या नांवाशीं एकाच मुळाचें आहे. रोमच्या पोटांत इतकें खोल गेल्यावर हा ओळखीचा शब्द भेटावा, याचें नवल वाटतें. शेजारीं भिंतीआड वाहत्या पाण्याचा आवाज येतो.

हें सर्व पाहण्यास सुमारें दीड तास लागतो. रोमांतील पुष्कळ मंदिरें दुपारीं बंद असतात. म्हणून आगगाडीतून उतरल्यावर भुयारी गाडीनें कोलोसियमचें स्थानक गांठून प्रथम येथेंच यावें. कोलोसियम बाहेरूनच पाहावें; इसवी सन 80 मध्यें उघडलेल्या त्या प्रचंड रंगभूमीचा आकार बाहेरूनही कळतो, आणि आंत जाण्याच्या रांगेंत वेळ फुकट जातो. तेथून फोरमच्या कडेनें मोठा रस्ता निघतो. मुसोलिनीनें जुनी वस्ती पाडून 1932 सालीं तो खुला केला. त्या रस्त्यानें अर्ध्या तासाच्या आंतबाहेर पँथिअन गांठतां येतें. त्याच्या घुमटाचा व्यास आणि जमिनीपासूनची उंची दोन्ही सुमारें 43 मीटर. लोखंडी सळ्यांच्या आधाराशिवाय उभा असलेला इतका मोठा काँक्रीटचा घुमट जगांत दुसरा नाहीं. माथ्यावरील उघड्या भोंकांतून पाऊस आंत पडतो आणि फरशींतील छिद्रांतून वाहून जातो. 1520 सालीं वारलेल्या राफाएल चित्रकाराची कबर येथेंच आहे. 2023 पासून येथें प्रवेशास तिकीट लागतें, त्याचे पैसे वेगळे काढून ठेवावे.

परतीच्या गाडीपूर्वीं एक तास हातीं राखावा. त्यांत जवळच्या एखाद्या दुकानांत उभ्या उभ्या कॉफी घ्यावी, आणि खालच्या भिंतीवरचे ते नोकर अजून खांबच ओढीत असतील, हें आठवून खुशाल हंसावें.