मंत्रिमंडळ घडते कोठे, मोडते कोठे : १९७९ चा पाठ

नागरिकशास्त्राच्या तासाला मंत्रिमंडळाचा पाठ आला की बहुतेक विद्यार्थी शपथविधीपाशी थांबतात. राष्ट्रपती शपथ देतात आणि सरकार बनते, असे उत्तरपत्रिकेत लिहिले जाते. हे उत्तर अर्धेच आहे. उरलेले अर्धे समजावून देताना आम्ही १९७९ सालचे उदाहरण घेतो, कारण त्या घटनाक्रमाचा प्रारंभ आपल्या साताऱ्याच्या खासदारांपासून होतो. नीरेकाठच्या आपल्या शाळेच्या या स्मरणिकेत तोच पाठ माजी विद्यार्थी आणि पालकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम संविधान पाहू. अनुच्छेद ७५ अन्वये पंतप्रधानांची नियुक्ती राष्ट्रपती करतात, इतर मंत्र्यांची नियुक्ती पंतप्रधानांच्या सल्ल्याने होते. त्याच अनुच्छेदाच्या तिसऱ्या खंडात मंत्रिपरिषद लोकसभेला सामूहिकपणे जबाबदार ठरविली आहे. म्हणजे जन्म राष्ट्रपती भवनात, पण श्वास सभागृहाच्या विश्वासावर. ३० डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या सामूहिक जबाबदारीचे विवेचन करताना बाबासाहेबांनी पंतप्रधानाला मंत्रिमंडळरूपी कमानीच्या कळीच्या दगडाची उपमा दिली होती. तिचा अर्थ पुढे त्यांच्याच जीवनात दिसला. २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिलाची झालेली परवड हे त्याचे एक प्रमुख कारण. देशाने एक अद्वितीय मंत्री गमावला, पण मंत्रिमंडळ उभेच राहिले. पंतप्रधानांचा राजीनामा मात्र संपूर्ण मंत्रिमंडळाचा राजीनामा ठरतो.

आता १९७९ कडे वळू. साताऱ्याचे खासदार यशवंतराव चव्हाण तेव्हा लोकसभेत विरोधी पक्षनेते होते. जुलैमध्ये त्यांनी मोरारजी देसाई यांच्या जनता सरकारविरुद्ध अविश्वासाचा ठराव मांडला. जनता पक्षाचे सदस्य एकामागून एक पक्ष सोडू लागले आणि मतदान होण्यापूर्वीच, १५ जुलै रोजी, मोरारजींनी राजीनामा दिला. राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी यांनी प्रथम यशवंतरावांना सरकार स्थापनेची शक्यता अजमावण्यास सांगितले. १८ जुलैला निमंत्रण आले आणि २२ जुलैला त्यांनी असमर्थता कळविली. देवराष्ट्र्यासारख्या खेड्यात जन्मलेला माणूस चार दिवस पंतप्रधानपदाच्या उंबरठ्यावर होता, हे आपल्या जिल्ह्यातील नव्या पिढीला बहुधा ठाऊकही नसते.

त्यानंतर राष्ट्रपतींनी मोरारजी आणि चरणसिंग या दोघांकडून समर्थकांच्या याद्या मागविल्या. मोरारजींच्या बाजूने २३८ आणि चरणसिंगांच्या बाजूने २६२ अशी मोजणी झाली. सभागृहात व्हावयाची मोजदाद अशी कागदावर झाली! २८ जुलै रोजी चरणसिंग पंतप्रधान आणि यशवंतराव उपपंतप्रधान व गृहमंत्री झाले. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत विश्वासदर्शक ठराव संमत करून घ्यावा, असे राष्ट्रपतींनी सुचविले होते. परंतु सरकारला तारणारा इंदिरा काँग्रेसचा पाठिंबा काढून घेतला गेला आणि ज्या दिवशी लोकसभा बसावयाची, त्याच २० ऑगस्टला चरणसिंगांनी राजीनामा देऊन सभागृह विसर्जित करण्याचा सल्ला दिला. २३ दिवसांचे ते सरकार लोकसभेला एकदाही सामोरे गेले नाही.

खरा पेच येथे आहे. अनुच्छेद ७४ नुसार राष्ट्रपतींनी मंत्रिपरिषदेच्या सल्ल्याने वागावयाचे असते. पण ज्या मंत्रिपरिषदेला लोकसभेचा विश्वास कधी मिळालाच नाही, तिचा लोकसभाच मोडण्याचा सल्ला बंधनकारक मानावा काय? मोरारजींनंतर जनता संसदीय पक्षाचे नेतेपद बाबू जगजीवनराम यांच्याकडे आले होते आणि ते सरकार स्थापनेची संधी मागत होते. राष्ट्रपतींनी २२ ऑगस्टला लोकसभा विसर्जित केली.

जगजीवनरामांचे राजकारण आणि आंबेडकरी चळवळ यांत अंतर होते, हे वाचकांना सांगावयास नको. १९४७ च्या मंत्रिमंडळात ते व बाबासाहेब एकत्र बसले तरी वाटा भिन्न राहिल्या. पण येथे प्रश्न आवडीनिवडीचा नाही. पक्षांतराच्या त्या दिवसांत कोणतेच सरकार टिकणार नाही, असे राष्ट्रपतींना वाटले असेल, तर त्या वाटण्यास आधार होता हे आम्ही मान्य करतो. तरीही जगजीवनरामांकडे बहुमत होते की नव्हते, याचे उत्तर सभागृहाने द्यावयास हवे होते. एका दलित नेत्यासाठी पंतप्रधानपदाचे दार उघडणार की नाही, हे मतदानाने ठरलेच नाही, याची खंत आम्हांस वाटते.

पुढे ११ मार्च १९९४ रोजी बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारांबाबत स्पष्ट केले, की बहुमताची परीक्षा सभागृहातच व्हावी. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७०, अशा एका मताने लोकसभेतच पडले. वर्गात हा आकडा फळ्यावर लिहिला की मुले प्रथम हसतात, मग एकेक मत कोणाचे ते विचारू लागतात.

चरणसिंगांचे काळजीवाहू सरकार १४ जानेवारी १९८० पर्यंत चालले. त्या महिन्यातील निवडणुकीत इंदिरा काँग्रेसला ३५३ जागा मिळाल्या, जनता पक्षाला ३१. साताऱ्याने यशवंतरावांना पुन्हा लोकसभेत पाठविले. जगजीवनराम सासाराममधून निवडून आले आणि विरोधी बाकावर बसले.