समलैंगिक जाणिवेचे मराठी साहित्य : शोध आणि शिफारस

रेवदंड्यासारख्या गावातील वाचनालयात 'समलैंगिक साहित्य' असे वेगळे कपाट शोधत बसू नये. ही पुस्तके नाटक, कादंबरी अशा नेहमीच्या विभागांतच ठेवलेली असतात. लेखकाचे नाव सांगून ती मागावीत.

विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' (प्रथम प्रयोग १९८१) आधी वाचावे. मित्राचे नमावरील प्रेम आपल्याला कळते, ते बापूच्या निवेदनातून. सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू' (२००६) या कादंबरीत मात्र तनय स्वतः बोलतो. तो आणि त्याची बहीण अनुजा एकाच भाडेकरूच्या प्रेमात पडलेले आहेत. पंचवीस वर्षांत निवेदक बदलला, ही बाब कथानकाहून महत्त्वाची आहे.

शिफारस करताना जपावे. लहान गावात कोणी काय वाचले याची चर्चा होते आणि त्यावरून तर्कही केले जातात. (कोळीवाड्यावरील कादंबरी वाचणारा कोळीच असावा, असे मात्र कोणी मानत नाही.) 'हे तुमच्यासाठीच आहे' असे म्हणून पुस्तक देऊ नये, आपल्याला ते का आवडले, एवढेच सांगावे.

स्वाध्याय : मित्राने स्वतःची गोष्ट स्वतः सांगितली असती, तर नाटकातील कोणता प्रसंग वेगळा झाला असता? सकारण लिहा.