शलाका, मतपेटी आणि भय

ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की आमच्या कळंब तालुक्यातील गावांत दोन शब्द हमखास कानी येतात : 'पॅनल' आणि 'बिनविरोध'. पहिल्याने गाव दुभंगते व दुसऱ्याने ते सांधले जाते, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहासाचे शिक्षक या नात्याने, आणि अनेकदा मतदान केंद्रावर रात्र काढलेले कर्मचारी या नात्याने, हा समज तपासून पाहावा असे आम्हांला वाटते.

विनयपिटकातील चुल्लवग्गात भिक्खूसंघातील वाद बहुमताने मिटविण्याची रीत सांगितली आहे. तिला 'येभुय्यसिका' म्हणतात. मतदानासाठी काड्या, म्हणजे शलाका, वापरीत. मत गुप्तपणे, उघडपणे किंवा कानात सांगून घेता येई. शलाका देणाऱ्या भिक्खूची नेमणूक संघ रीतसर करी व त्याच्या अंगी पाच गुण अपेक्षित असत. आवड, द्वेष, मोह आणि भय या चार कारणांनी त्याने वाट सोडू नये, आणि शलाका कोणी घेतली, कोणी घेतली नाही याचे त्याला भान असावे. आजच्या केंद्राध्यक्षाच्या प्रशिक्षणात याहून वेगळे काय सांगितले जाते? २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी याच परंपरेचे स्मरण करून दिले : संसदीय कार्यपद्धती भारताला अपरिचित नव्हती, ती भिक्खूसंघात होती. त्याच भाषणात, संवैधानिक मार्ग खुले असताना रक्तरंजित मार्ग सोडून दिले पाहिजेत, असेही त्यांनी बजावले.

वरील चार कारणांपैकी चौथे, 'भय', आमच्या विषयाच्या गाभ्याशी आहे. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवटीतून मुक्त झाला आणि १९५१-५२ च्या निवडणुकीत येथील सालदार, महार, मांग, स्त्रिया यांच्या हाती प्रथमच मत आले. वाड्यातले मत आणि वस्तीतले मत पेटीत सारखेच झाले. पेटीबाहेर मात्र पाणवठा, रोजगार आणि रस्ता अजून दुसऱ्याच्याच ताब्यात होता. म्हणून मत गुप्त असणे ही आमच्या समाजासाठी केवळ सोय नव्हती; ते संरक्षण होते.

हे संरक्षण आजही पुरते नाही. गावात प्रभागाचे मतदार बहुधा एकाच केंद्रावर मत देतात आणि मोजणी यंत्रवार होते. वस्तीने कोणाला किती मते दिली, हे निकालानंतर अर्ध्या तासात चावडीवर कळते. मतपत्रिकांच्या काळी, धाकदपटशाची शंका असल्यास अनेक केंद्रांच्या मतपत्रिका मिसळून मोजण्याची तरतूद नियमांत होती. यंत्रांसाठी अशीच सोय करणारे 'टोटलायझर' निवडणूक आयोगाने २००८ मध्ये सुचविले आणि विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात त्याचा पुरस्कार केला. ते अद्याप प्रत्यक्षात आलेले नाही.

आता 'बिनविरोध'कडे वळू. सर्वांनी बसून, बोलून, दुबळ्यालाही नाही म्हणण्याची मोकळीक देऊन जर एकमत झाले तर ते वंदनीयच. वज्जींविषयी तथागतांनी सांगितलेले पहिलेच लक्षण वारंवार एकत्र जमण्याचे आहे. परंतु जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाला नाशिक जिल्ह्यातील उमराणे व नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथील निवडणुका रद्द कराव्या लागल्या, कारण तेथे पदांचा चक्क लिलाव झाला होता. उमराण्याची बोली दोन कोटींच्या वर गेली. तेथे भांडण झाले नाही, डोके फुटले नाही. ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्याची उमेदवारी तेवढी संपली. याच्या उलट हिवरे बाजारला तीन दशकांच्या बिनविरोध परंपरेनंतर त्याच महिन्यात मतदान झाले, आणि त्यामुळे गाव काही मोडले नाही.

शांततेच्या नावाखाली गप्प बसविण्याचे टोक तमिळनाडूतील मेलवलवूने दाखविले. राखीव झालेल्या अध्यक्षपदावर निवडून आलेल्या मुरुगेसन यांची सहकाऱ्यांसह ३० जून १९९७ रोजी हत्या झाली. त्याच राज्यातील पाप्पापट्टी, कीरिपट्टी येथे राखीव पद भरूच न देण्याचा हट्ट दहा वर्षे चालला. २००६ मध्ये प्रशासनाने गावोगाव बैठका घेऊन तो संपविला. आपल्या कायद्याचेही येथे स्मरण ठेवावे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यातील २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या सुधारणेनुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला मत देण्यापासून रोखणे, अर्ज भरू न देणे किंवा मागे घ्यायला लावणे हा गुन्हा आहे. 'गावाच्या भल्यासाठी अर्ज काढून घे' हे वाक्य म्हणूनच नेहमी निरुपद्रवी नसते.

आमच्या परिसरातील एका गावी आम्ही वेगळा प्रयत्न पाहिला. दोन्ही पॅनलचे लोक, भजनी मंडळ आणि बुद्धविहाराचे कार्यकर्ते अर्ज माघारीनंतर एकत्र बसले. ठरले ते एवढेच : कोणाला उभे राहू नको म्हणायचे नाही, मतदानाच्या आदल्या रात्री वस्तीत कोणी फिरायचे नाही, आणि जिंकणाऱ्याने गुलाल हरलेल्याच्या दारावरून न्यायचा नाही. तिसरे कलम मान्य व्हायला सर्वांत जास्त वेळ लागला. आमच्या अनुभवात हाणामाऱ्या मतदानाच्या दिवशी कमी आणि मिरवणुकीत अधिक होतात, त्यामुळे तो वेळ सत्कारणी लागला असे आम्ही मानतो.

पराभव कसा घ्यावा याचा धडा १९५२ मध्ये आहे. मुंबईत बाबासाहेब नारायण काजरोळकर यांच्याकडून चौदा हजारांवर मतांनी हरले. संविधानाचा शिल्पकार पहिल्याच निवडणुकीत हरतो, हे अनुयायांना किती लागले असेल! बाबासाहेबांनी निवडणूक याचिकेचा मार्ग धरला, आणि १९५४ मध्ये भंडाऱ्यातून पुन्हा उभे राहिले. तेथेही हरले.

निवासी शाळेतील मंत्रिमंडळाची निवडणूक आम्ही दरवर्षी घेतो. पहिल्या वर्षी मोजणी वर्गवार केली. संध्याकाळी पाचवीची मुले जेवणाच्या रांगेत मागे ढकलली गेलेली दिसली, कारण त्यांच्या वर्गाची मते निवडून आलेल्या मुख्यमंत्र्याच्या विरोधात होती. पुढच्या वर्षापासून सर्व वर्गांच्या चिठ्ठ्या भोजनगृहातील मोठ्या पातेल्यात ओततो, पाचवीच्याच एका मुलीकडून त्या ढवळून घेतो आणि मग मोजणीला बसतो.