वहिनींच्या हातातला रिमोट

सदाशिव पेठ, पुणे

चि. मुकुंद यास अनेक उत्तम आशीर्वाद, विशेष.

साताऱ्याच्या घरी दादा-वहिनींसाठी एखादा स्ट्रीमिंग बॉक्स बसवून द्यावा, म्हणजे संध्याकाळी त्यांना जुने चित्रपट, कीर्तने आणि मालिका आपल्या सवडीने पाहता येतील, असा मानस तू कळविलास, आणि तीन बॉक्सांच्या गुणधर्मांचा तक्ता जोडून त्यांतला कोणता घ्यावा हे मी एका शब्दात सांगावे अशी इच्छाही प्रकट केलीस. आई-वडिलांची ही चिंता तू बंगळुरात बसून वाहतोस याचे मला मनापासून समाधान वाटले. परंतु एका शब्दाचे उत्तर माझ्यापाशी नाही. कारण तू पाठविलेला तक्ता पुन्हा पुन्हा वाचूनही, ज्या घरात तो बॉक्स नांदणार आहे त्या घराचा, तेथील पडद्याचा आणि तेथील माणसांचा मागमूस मला त्यात कोठे आढळला नाही.

मुंबईच्या केंद्रावरून २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण सुरू झाले आणि पुढल्या वर्षी सिंहगडावरील मनोऱ्यामुळे ते पुण्यास दिसू लागले, तेव्हा मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी होतो. त्यानंतर लवकरच प्रक्षेपणाच्याच नोकरीत शिरलो आणि निवृत्तीपर्यंत तीच चाकरी केली. त्या काळी संच घेणाऱ्या गृहस्थाला टपाल कचेरीत जाऊन दरसाल परवान्याची रक्कम भरावी लागे. पण चित्र नीट पोहोचविण्याची सारी जबाबदारी मनोऱ्यावरच्या आम्हा लोकांची असे, आणि गृहस्थाने अँटेना योग्य दिशेला वळविली की त्याचे कर्तव्य संपे. आता आमच्या मनोऱ्याचे निम्मे काम त्या तळहाताएवढ्या बॉक्साकडे आले आहे, आणि त्याची निवड करणाऱ्याकडे, म्हणजे तुझ्याकडे, ती जबाबदारीही आली आहे.

याच हेतूने गेले तीन आठवडे एक नवा बॉक्स मी माझ्या दिवाणखान्यात लावून ठेवला आहे आणि रोज रात्री त्याविषयी वहीत चार ओळी टिपल्या आहेत. त्यांतली पहिली नोंद रिमोटसंबंधी आहे, आणि तूही परीक्षेस आरंभ तेथूनच करावास असे मला वाटते. बॉक्स सुरू केल्यापासून हव्या त्या कार्यक्रमापर्यंत पोहोचण्यास किती वेळा बटण दाबावे लागते, हे मी मोजले: प्रथम नऊ वेळा. पडद्याचा वरचा अर्धा भाग जाहिरातींनी व्यापलेला होता. त्यांखालची ॲपची रांग मी माझ्या गरजेनुसार पुन्हा लावली, नको ती ॲप काढून टाकली, आणि मग ती संख्या चारावर आली. वहिनींच्या एका डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे व दुसऱ्याची व्हायची आहे, दादांची बोटे संधिवाताने आखडली आहेत. त्यांच्या दृष्टीने नऊ आणि चार यांतले अंतर म्हणजे तो बॉक्स रोज वापरला जाणे आणि आठ दिवसांत कपाटात जाणे यांतले अंतर होय. रिमोटवरची अक्षरे अंधारात बोटांनी ओळखता येतात काय, आवाज कमी-जास्त करण्याचे बटण त्याच रिमोटवर असून ते टीव्हीचाच आवाज बदलते काय, एका रिमोटने टीव्ही आणि बॉक्स दोन्ही सुरू होतात काय, याची खातरजमा कर. एचडीएमआयच्या तारेतूनच दोन उपकरणे परस्परांशी बोलतात अशी सोय आता बहुतेक संचांत असते, मात्र पुष्कळदा ती टीव्हीच्या सेटिंगमध्ये बंद ठेवलेली आढळते. बोलून शोध घेण्याची सोय असेल तर ती तुझ्या उच्चारांवर न तपासता वहिनींच्या उच्चारांवर तपास. ‘तुकाराम’ हा शब्द मी सहज उच्चारला आणि यंत्राने तो तत्काळ ओळखला. पण आमच्या शेजारच्या वृद्ध बाईंनी तोच शब्द आपल्या कोकणी हेलात म्हटला, तेव्हा पडद्यावर भलतेच गाणे आले, आणि त्या बिचाऱ्या आपलीच काही चूक झाली असे समजून गप्प बसल्या. यंत्राच्या उणिवेचा दोष म्हाताऱ्या माणसाने आपल्याकडे घ्यावा, हे मला फार लागले.

आता तुझ्या तक्त्यातील पहिल्या रकान्याविषयी, म्हणजे ‘फोर के’विषयी. ३८४० गुणिले २१६० बिंदूंचे हे चित्र सुंदर असते यात शंका नाही; परंतु साताऱ्यातील टीव्ही ३२ इंची असून, मला स्मरते त्याप्रमाणे, तो १३६६ गुणिले ७६८ बिंदूंचा आहे, आणि वहिनी त्यापासून दहा फुटांवर झोपाळ्यावर बसतात. त्या पडद्यावर त्या अंतरावरून फोर के आणि साधे एचडी यांतला भेद तुझ्या तरुण डोळ्यांसही दिसणार नाही. शिवाय नेटफ्लिक्सच्याच हिशेबाप्रमाणे फोर केसाठी तासाला ७ जीबीपर्यंत डेटा लागतो, एचडीसाठी ३ जीबीपर्यंत. त्यापेक्षा बॉक्सास चित्र-संकोचनाची नवी पद्धती, २०१८ साली प्रसिद्ध झालेली एव्ही१, आपल्या चिपमध्येच उलगडता येते काय हे पाहा. तीमुळे तेच चित्र कमी डेटात येते आणि संध्याकाळी सारी गल्ली एकदम इंटरनेट वापरू लागली म्हणजे जी ओढाताण होते ती सुसह्य होते. रॅम, स्टोरेज इत्यादींसंबंधी एवढेच सांगतो की ८ जीबीच्या बॉक्सात प्रणालीने आपला वाटा घेतल्यावर फार थोडी जागा उरते, सबब निरुपयोगी ॲप भरू नयेत.

ज्या गोष्टीविषयी तुझ्या तक्त्यात अवाक्षर नाही, आणि जी मला आयुष्यभराच्या धंद्यामुळे सर्वांत आधी डोळ्यांत खुपते, ती गोष्ट चित्राच्या गतीची. चित्रपट सेकंदास २४ चित्रांच्या गतीने चित्रित होतो. आपल्या देशातील दूरचित्रवाणीने विजेच्या ५० आवर्तनांशी जुळणारी २५ चित्रांची गती पहिल्यापासून पत्करली. अमेरिकेत मात्र विजेची आवर्तने ६० असल्यामुळे तेथील पडदे सेकंदास ६० वेळा उजळण्याची परंपरा पडली, आणि आज जगभर विकले जाणारे बहुतेक बॉक्स तीच गती मुळात धरून बाहेर पडतात. परिणाम असा होतो की २४ चित्रे ६० जागांत बसविण्याकरिता बॉक्स एक चित्र दोनदा आणि पुढले तीनदा दाखवितो, आणि कॅमेरा संथपणे एका बाजूकडून दुसरीकडे सरकू लागला की दृश्य अडखळत, पाय ओढीत चालल्यासारखे भासते. आपल्या वाहिन्यांच्या २५ चित्रांची विभागणी तर याहून विषम होते; वृत्तवाहिनीच्या तळाशी धावणारी मराठी अक्षरांची पट्टी अशा बॉक्सावर थरथरते, आणि जिची दृष्टी आधीच क्षीण आहे अशा व्यक्तीस ती वाचणे कष्टप्रद होते. कित्येक बॉक्सांत मूळ चित्राच्या गतीप्रमाणे पडद्याची गती आपोआप बदलण्याची तजवीज असते, काहींत ती सेटिंगमध्ये खोल दडलेली असते, आणि काहींत नसतेच; नसेल तेथे निदान ५० आवर्तनांची गती कायमची निवडता यावी. मी हे पाहण्यासाठी प्रभातचा १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ लावला. एक तर त्यातली हालचाल संथ असल्याने अडखळणे लपत नाही, आणि दुसरे असे की त्या काळच्या चित्रपटांची चौकट जवळजवळ चारास तीन या प्रमाणाची असल्याने तो पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे सोडून दिसावयास हवा. विष्णुपंत पागनीसांची मुद्रा जर आडवी पसरट दिसू लागली, तर बॉक्स किंवा टीव्ही चित्र ताणतो आहे असे निश्चित समज आणि ते सेटिंग तत्काळ बदल. जुन्या कलावंतांनी जी आकृती पडद्यावर ठेवली ती तशीच आपल्या घरात यावी, हा मी त्यांच्याप्रती आपल्या कर्तव्याचा भाग मानतो.

आता एक जुना अनुभव सांगतो, कारण तुझ्या तक्त्यातला तिसरा आणि सर्वांत स्वस्त बॉक्स पाहून मला त्याची आठवण झाली. चार वर्षांपूर्वी एका बाजारपेठेतून मी असाच एक बिनओळखीचा बॉक्स आणला होता. खोक्यावर ठळक अक्षरांत फोर के छापलेले होते, आणि तरीही पैसे भरून घेतलेल्या सेवांचे चित्र धूसर, जुन्या व्हिडिओ कॅसेटसारखे दिसे. पुष्कळ शहानिशा केल्यावर कारण सापडले. चित्रपटाचे मालक आपले चित्र कुलूपबंद करून पाठवितात आणि त्याची किल्ली सुरक्षित चिपमध्ये ठेवणाऱ्या बॉक्सासच उच्च दर्जाचे चित्र देतात. वाइडवाइन नावाच्या या व्यवस्थेत त्या दर्जाला ‘एल१’ म्हणतात, आणि ज्याला फक्त ‘एल३’ मंजूर आहे अशा बॉक्साला कित्येक सेवा ४८० रेषांवर रोखून धरतात. खोक्यावर छापलेले फोर के खोटे नव्हते, पण ते माझ्या उपयोगाचे नव्हते. याहून गंभीर बाब अशी की २०२५ च्या जून महिन्यात अमेरिकेच्या एफबीआयने ‘बॅडबॉक्स २.०’ या नावाने जाहीर इशारा दिला: अशा स्वस्त टीव्ही-बॉक्सांपैकी कित्येकांत विक्रीपूर्वीच घातक प्रणाली भरलेली असते, आणि घरमालकाच्या नकळत त्याचे इंटरनेट गुन्हेगारांच्या वापरास दिले जाते. दादांच्या पेन्शनचे खाते ज्या वायफायवर उघडले जाते, त्याच वायफायवर असा पाहुणा तू आणू नयेस, हे मी तुला आग्रहपूर्वक सांगतो. बॉक्सावर आणि त्याच्या अडॅप्टरवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे काय हे पाहा, आणि बॉक्स घरी आल्यावर त्याची वाइडवाइनची पातळी स्वतः तपासून घे.

विजेची गोष्टही लहान नाही. टीव्हीच्या मागील यूएसबी छिद्रातून बॉक्साला वीज देण्याचा मोह सर्वांना होतो, कारण एक तार वाचते. परंतु तेथून पुष्कळदा अर्धाच अँपिअर प्रवाह मिळतो, बॉक्सास एक लागतो, आणि मग तो ऐन रंगात आलेल्या प्रसंगी आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो. त्याचा स्वतःचा अडॅप्टरच भिंतीत लाव. पावसाळ्यात साताऱ्यास वीज जाते-येते. वीज आल्यावर बॉक्स कोणाची मदत न घेता पूर्ववत उभा राहतो काय, हे प्लग दहा वेळा काढून-घालून तपास. राउटर पुढच्या खोलीत आणि टीव्ही मागच्या माजघरात असून मध्ये दगडी भिंत आहे, तेव्हा लॅनची तार जोडण्याची सोय असलेला बॉक्स मला अधिक पसंत पडेल.

खरेदीनंतर पुढे किती वर्षे कंपनी त्या बॉक्साची काळजी घेईल, हा प्रश्न मूल्याच्या आधी विचारावा. २०२५ च्या मार्चमध्ये २०१५ सालचे दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट हे गूगलचे स्ट्रीमिंग उपकरण जगभर एकाएकी निरुपयोगी झाले; उपकरणे धडधाकट होती, परंतु त्यांच्या आतल्या एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली होती. काही दिवसांत गूगलने दुरुस्ती पाठविली आणि ती पुन्हा चालू झाली, पण तेवढ्या काळात कित्येक घरांतल्या लोकांनी आपलेच उपकरण बिघडले असे समजून त्याची मोडतोड केली असेल, या विचाराने मी अस्वस्थ झालो. ज्या कंपनीने आपल्या जुन्या बॉक्सांना आजवर किती काळ नवी प्रणाली पुरविली याचा दाखला मिळतो, तिचाच बॉक्स घे, मग तो हजार रुपयांनी महाग का असेना.

बॉक्सावरून होणाऱ्या खरेदीला पिन लाव, दादांचे कार्ड त्यावर नोंदवू नकोस, आणि पाहिलेल्या कार्यक्रमांवरून जाहिराती दाखविण्याची परवानगी पहिल्याच दिवशी सेटिंगमधून काढून घे.

तूर्त पैसे भरू नकोस. दादांना फोन करून टीव्हीच्या पाठीवर चिकटविलेला मॉडेल क्रमांक वाचून घे आणि मला कळव. त्यावरून त्यात कोणत्या सोयी आहेत ते मी पाहून ठेवीन. येत्या शनिवारी मी साताऱ्यास जाणार आहे, तेव्हा माझा हा बॉक्स बरोबर नेतो, माजघरात लावतो, आणि आठ दिवस तो वहिनींच्या हाती सोपवतो. त्या रिमोट घेऊन बसतील तेव्हा मी बाजूला खुर्ची टाकून नुसता पाहीन, मध्ये बोलणार नाही. त्या कोठे थांबल्या, कोठे चुकल्या, कोठे रिमोट खाली ठेवून दादांकडे पाहू लागल्या, ते सारे वहीत टिपून तुला पाठवीन.

बंगळुरास थंडी वाढली असेल, प्रकृतीस जप. सौ. सूनबाईस व बाळास आशीर्वाद.

कळावे, हे आशीर्वाद.

तुझा
काका