दक्षिणेचा बाण : पिएत्रो मेन्नेआ यांची धाव आणि आपला धडा



दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांत एकच चर्चा सुरू होते. कोण पुढे गेला, कोण मागे राहिला! मैदानावरही तेच. पहिल्या येणाऱ्याचे नाव आपण लक्षात ठेवतो, चौथ्याला विसरून जातो. म्हणून या अभ्यासलेखात आपण अशा एका धावपटूची ओळख करून घेणार आहोत, जो पहिलाही आला, तिसराही आला, चौथाही आला आणि सातवाही आला. तरी त्याचा देश त्याला आजही विसरलेला नाही. त्याचे नाव पिएत्रो मेन्नेआ.

१. शिंप्याचा मुलगा

इटलीच्या दक्षिणेला एड्रियाटिक समुद्राच्या काठी बार्लेत्ता नावाचे शहर आहे. तेथे २८ जून १९५२ रोजी पिएत्रोचा जन्म झाला. वडील शिंपी. घरची परिस्थिती बेताचीच. इटलीत उत्तर भाग कारखान्यांचा आणि पैसेवाला, तर दक्षिण भाग गरिबीचा आणि पोटासाठी घर सोडून जाणाऱ्यांचा, असे त्या काळचे चित्र होते. पिएत्रो लहानपणी गावच्या रस्त्यावर पन्नास मीटरपर्यंत मोटारीशी शर्यत लावायचा आणि जिंकून खाऊचे, सिनेमाचे पैसे मिळवायचा, असे त्याच्याविषयी सांगतात. पुढे इटलीने त्याला नाव दिले ‘फ्रेच्चा देल सूद’, म्हणजे दक्षिणेचा बाण.

त्याच्याकडे पाहून हा जगातला सर्वांत वेगवान माणूस होईल असे कोणाला वाटले नसते. अंगकाठी सडपातळ, आणि शर्यतीची सुरुवात तर नेहमीच काहीशी संथ. निसर्गाने जे कमी दिले ते त्याने सरावाने भरून काढले. रोम आणि नेपल्स यांच्या दरम्यान समुद्रकाठी फोर्मिया येथे राष्ट्रीय ॲथलेटिक्स प्रशिक्षण केंद्र आहे. तेथे प्रशिक्षक कार्लो व्हित्तोरी यांच्या हाताखाली त्याने वर्षानुवर्षे घाम गाळला. सणवार असो की सुट्टी, सराव चुकत नसे. केलेले कष्ट कधी वाया जात नाहीत, ही त्याची आयुष्यभराची धारणा होती.

२. चार ऑलिंपिक, चार अंतिम फेऱ्या

२०० मीटर ही मेन्नेआ यांची खास शर्यत. आता पुढील चार ओळी सावकाश वाचूया :

१९७२ म्युनिक : तिसरा क्रमांक, वय २०.
१९७६ माँट्रियल : चौथा क्रमांक, वय २४.
१९८० मॉस्को : पहिला क्रमांक, वय २८.
१९८४ लॉस एंजेलिस : सातवा क्रमांक, वय ३२.

२०० मीटरच्या अंतिम फेरीत लागोपाठ चार ऑलिंपिकमध्ये उतरणारे ते पहिले धावपटू. वेगवान धावणे हा तरुण पायांचा खेळ. त्यात बारा वर्षे जगातल्या पहिल्या आठांत टिकून राहणे ही सोपी गोष्ट नव्हे. यातली १९७६ ची ओळच पाहिली तर माणूस पदकावाचून परतला, एवढेच दिसते. चारही ओळी एकत्र वाचल्या की त्या चौथ्या क्रमांकाचा अर्थ कळतो. तो वाटेतला एक थांबा होता. तेथे ते थांबून राहिले असते तर पुढची ओळ लिहिलीच गेली नसती.

३. विद्यार्थ्याचा विश्वविक्रम

१९७९ साली मेक्सिको सिटी येथे जागतिक विद्यापीठ क्रीडास्पर्धा भरल्या. मेन्नेआ तेव्हा २७ वर्षांचे होते आणि विद्यार्थी म्हणूनच तेथे गेले होते. ते राज्यशास्त्र शिकत होते. १२ सप्टेंबर १९७९ रोजी त्यांनी २०० मीटर अंतर १९.७२ सेकंदांत पार केले. अमेरिकेच्या टॉमी स्मिथने १९६८ साली त्याच शहरात केलेला १९.८३ सेकंदांचा विक्रम मोडला गेला.

मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे. तेथील हवा विरळ असल्याने धावणाऱ्याला हवेचा अडथळा कमी होतो. पाठीमागून वारा होता, तोही नियमात बसणारा. मग काही जण म्हणाले, हा तर उंचीचा विक्रम! परंतु टॉमी स्मिथही त्याच उंचीवर धावला होता. शिवाय हा विश्वविक्रम जवळजवळ १७ वर्षे टिकला. जून १९९६ मध्ये अमेरिकेच्या मायकेल जॉन्सनने १९.६६ सेकंदांची वेळ नोंदवली तेव्हा कुठे तो मोडला. युरोपचा विक्रम म्हणून तर तो त्याहून कितीतरी अधिक काळ टिकला. २०२३ साली ब्रिटनचा झार्नेल ह्यूज १९.७३ सेकंदांपर्यंत आला, पण एक शतांश सेकंद मागेच राहिला.

४. आठव्या मार्गिकेतून

२८ जुलै १९८०. मॉस्को ऑलिंपिकची अंतिम फेरी. अमेरिकेने त्या ऑलिंपिकवर बहिष्कार घातला होता आणि इटलीचे खेळाडू स्वतःच्या राष्ट्रध्वजाऐवजी ऑलिंपिकच्या ध्वजाखाली खेळत होते. त्याआधी १०० मीटरच्या शर्यतीत मेन्नेआ उपांत्य फेरीतच बाद झाले होते.

२०० मीटरसाठी त्यांना सर्वांत बाहेरची आठवी मार्गिका मिळाली. वळणावर धावायचे असल्याने बाहेरच्या धावपटूला इतरांच्या पुढे उभे करतात. अंतर सर्वांना सारखेच असते, परंतु बाहेरच्याला कोणीच दिसत नाही, सगळे पाठीमागे. शेजारच्या सातव्या मार्गिकेत होता १०० मीटरचा नवा विजेता, ब्रिटनचा ॲलन वेल्स. वेल्सने वळणावरच मेन्नेआ यांना गाठले आणि सरळ रस्ता सुरू झाला तेव्हा तो स्पष्ट पुढे होता. मेन्नेआ डगमगले नाहीत. एकेक पाऊल करीत त्यांनी अंतर कापले आणि अगदी शेवटच्या काही मीटरांत वेल्सला मागे टाकले. वेळ २०.१९, वेल्सची २०.२१. फरक फक्त दोन शतांश सेकंदांचा!

सुरुवात मागे पडली म्हणजे शर्यत संपली असे नव्हे, हे आपण मुलांना सांगतो. मेन्नेआ यांनी ते करून दाखवले.

५. हातातली दांडी

सुवर्णपदकाच्या झगमगाटात मॉस्कोतले त्यांचे दुसरे पदक मागे पडते. ४ × ४०० मीटर रिले शर्यतीत इटलीने कांस्यपदक मिळवले. स्तेफानो मालिनवेर्नी, माउरो झुलियानी, रोबेर्तो तोझ्झी आणि मेन्नेआ असा तो संघ होता. ४०० मीटर ही मेन्नेआ यांची मुख्य शर्यत नव्हे. वैयक्तिक सुवर्ण गळ्यात पडलेले असताना ते पुन्हा ट्रॅकवर उतरले, ते तीन सहकाऱ्यांसाठी.

रिलेचे तंत्र समजून घेण्यासारखे आहे. ४ × १०० मध्ये दांडी घेणारा मागे वळून पाहत नाही. ठरलेल्या खुणेवरून तो पूर्ण वेगाने पळू लागतो आणि हात मागे करतो. दांडी त्या हातात येईल, असा त्याचा विश्वास असतो. ४ × ४०० मध्ये मात्र घेणारा मागे पाहतो, कारण येणारा थकलेला असतो. त्याला सांभाळून घ्यावे लागते. कुटुंबातही या दोन्ही गोष्टी लागतात. कधी न पाहता विश्वास ठेवायचा, तर कधी थकलेल्याकडे वळून पाहायचे.

१९८३ साली हेलसिंकीत पहिली जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धा झाली. मेन्नेआ ३१ वर्षांचे होते, तर त्यांचे रिलेतील सहकारी स्तेफानो तिल्ली, कार्लो सिमिओनातो आणि पिएरफ्रान्चेस्को पावोनी हे विशीच्या आसपासचे. या संघाने ३८.३७ सेकंदांत ४ × १०० चे रौप्यपदक जिंकले. पुढे होती फक्त अमेरिका, तीही विश्वविक्रम करून.

६. धावणे थांबल्यावर

खेळातून निवृत्त झाल्यावर पुष्कळ खेळाडू जुन्या पदकांवर जगतात. मेन्नेआ यांनी चार पदव्या मिळवल्या, त्यांत राज्यशास्त्र आणि कायदा हे विषय होते. त्यांनी वकिली केली, पुस्तके लिहिली आणि १९९९ ते २००४ या काळात ते युरोपीय संसदेचे सदस्य होते.

त्यांच्या आयुष्यातली एक अवघड गोष्टही सांगायला हवी. कारकिर्दीच्या अखेरच्या काळात आपण ग्रोथ हार्मोनची इंजेक्शने घेतली होती, हे त्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितले. ते औषध त्या काळी बंदीच्या यादीत नव्हते, म्हणजे गप्प राहिले असते तरी चालले असते. पण ते बोलले, आणि पुढे खेळातील उत्तेजकांविरुद्ध त्यांनी सातत्याने आवाज उठवला. मोठ्या माणसांची गोष्ट मुलांना सांगताना असा भाग आपण गाळतो. तो गाळू नये असे आम्हाला वाटते. चूक लपवण्यापेक्षा ती सांगून इतरांना सावध करणे अधिक कठीण असते.

२१ मार्च २०१३ रोजी रोम येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले. वय अवघे ६०. इटलीतील एका अतिवेगवान रेल्वेगाडीला त्यांचे नाव देण्यात आले. त्यांच्या निधनानंतर १२ सप्टेंबर हा ‘मेन्नेआ दिन’ म्हणून पाळण्याची प्रथा इटलीत सुरू झाली. त्या निमित्ताने लहानथोर २०० मीटर धावतात.

दांडीही पुढे गेली आहे. १०० मीटरचा त्यांचा १०.०१ सेकंदांचा इटालियन विक्रम २२ जून २०१८ रोजी फिलिप्पो तोर्तूने ९.९९ सेकंदांत धावून मोडला. तोच तोर्तू ६ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकमध्ये इटलीच्या ४ × १०० संघात शेवटचा टप्पा धावला आणि इटलीने ३७.५० सेकंदांत सुवर्ण जिंकले. ब्रिटनच्या संघापेक्षा इटली फक्त एक शतांश सेकंद पुढे होती.

घरी आणि युवक गटात चर्चेसाठी

१. मुलाचा एखादा ‘चौथा क्रमांक’ आपण शेवटचा निकाल मानतो का? त्याच्या पुढच्या ओळीसाठी आपण थांबायला तयार आहोत का?
२. आपल्या घरातील दांडी सध्या कोणाच्या हातात आहे? तो थकलेला असेल तर आपण मागे वळून पाहतो का?
३. आपल्या हातून घडलेली कोणती चूक सांगितल्याने धाकट्यांचे भले होईल?

तिसरा प्रश्न आधी मोठ्यांनी घ्यावा, ही विनंती. मुले ऐकत असतात.